कुटुंब आणि आरोग्य : लाजेपोटी लपवलेल्या पुटकुळ्या

भिवंडीहून एका यंत्रमाग कामगार तरुणाचे पत्र आले आहे. पत्रावर नाव नाही, पत्ता नाही आणि आम्हांला तो नकोही आहे. वय २४, लग्न ठरलेले, साखरपुडा झालेला. तो लिहितो की, आंघोळीच्या वेळी त्याला लिंगाच्या टोकाच्या कडेने, अंगठीसारखे गोल, खसखशीएवढे बारीक पांढुरके दाणे दिसले. दुखत नाहीत, खाजत नाहीत, पाणी नाही की पू नाही. एका खोलीत सहा जण राहतात, विचारणार कुणाला? शेवटी भिंतीवर रंगवलेली जाहिरात वाचून तो एका 'गुप्तरोग तज्ज्ञा'कडे गेला. त्या इसमाने एक नजर टाकली आणि सांगितले, ही जुनी गरमी आहे, असेच लग्न केलेस तर बायकोचे वाटोळे होईल आणि मूल होणार नाही. चाळीस दिवसांच्या पुड्या दिल्या, वरून लावायला काळा लेप दिला. चौदा हजार रुपये गेले. लेपाने कातडी भाजली, दाणे होते तिथेच आहेत. आता तो विचारतो, "साहेब, मुलीच्या घरी नकार कळवू का?"

भाऊ, नकार कळवू नका. पत्र वाचून निदान करता येत नाही, तो आमचा अधिकारही नाही. परंतु तुम्ही जे वर्णन केले आहे ते निरोगी पुरुषांच्या अंगावर असणाऱ्या एका नैसर्गिक गोष्टीशी जुळते. लिंगाच्या टोकाला बोलीत सुपारी म्हणतात. तिच्या कडेने एक किंवा दोन रांगांत, एक-दोन मिलिमीटरचे, सगळे एकसारखे असे मऊ दाणे तरुण वयात दिसू लागतात. डॉक्टर लोकांनी त्यांना मोत्यांवरून नाव दिले आहे. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांमध्ये शंभरातल्या १४ पासून ४८ पर्यंत पुरुषांना ते आढळले आहेत. म्हणजे तुमच्या पाळीला चाळीस माणसे असतील तर त्यांतल्या पाच-सहा जणांना तरी ते असण्याचा संभव आहे, फक्त कुणी कुणाला बोलत नाही. ते संसर्गाने येत नाहीत, हस्तमैथुनाने येत नाहीत, अस्वच्छतेनेही येत नाहीत. बायकोला लागत नाहीत आणि मूल होण्याच्या आडही येत नाहीत. वय वाढते तसे बहुधा आपोआप फिके पडतात. त्यांना औषध लागत नाही.

तातडीचे काम दाण्यांचे नाही, त्या भाजलेल्या कातडीचे आहे. लेप ताबडतोब बंद करावा, जागा साध्या पाण्याने धुवावी आणि सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात कातडीच्या विभागात जाऊन दाखवावी. तिथला डॉक्टर दाणेही पाहील आणि दोन मिनिटांत सांगेल. चौदा हजारांचे काम केसपेपरच्या किमतीत होते.

हा विषय या पानावर घ्यावा की नाही यावर आमच्यात चर्चा झाली. हे पान घरात माय-बहिणी वाचतात, शाळकरी मुले वाचतात, मग असले लिहावे कशाला, असे काहींना वाटणे साहजिक आहे. त्यांना आम्ही १९३४ सालची एक गोष्ट सांगतो. र. धों. कर्वे हे 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक चालवीत. वाचक लैंगिक शंका विचारीत आणि कर्वे शास्त्राला धरून सरळ उत्तरे देत. त्या उत्तरांपायी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. मुंबई हायकोर्टात कर्व्यांचे वकीलपत्र कुणी घेतले? बॅरिस्टर डॉ. भीमराव आंबेडकरांनी. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. परंतु माणसाला आपल्या शरीराविषयी प्रश्न विचारण्याचा आणि त्याला खरे उत्तर मिळण्याचा हक्क आहे, ही बाजू बाबासाहेबांनी कोर्टात उभे राहून मांडली होती. तेव्हा त्यांच्या घरातल्या पानावर हा विषय वर्ज्य मानण्याचे आम्हांला कारण दिसत नाही.

तर दाण्यांकडे वळू. अंगठीसारख्या रांगेतल्या दाण्यांप्रमाणेच आणखी काही गोष्टी पुरुषांच्या अंगावर जन्माच्या सोबती असतात. लिंगाची कातडी ताणली की तिच्या आत पिवळसर पांढरे, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. या तेलाच्या बारीक ग्रंथी आहेत. एरवी त्या केसाच्या मुळाशी असतात, इथे केसाविना उघड्या पडल्या म्हणून दिसतात. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ जॉन फोर्डाइस यांनी १८९६ साली असल्या ठिपक्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांचेच नाव त्यांना चिकटले. आरशात आपला वरचा ओठ ताणून पाहा, पुष्कळांना तिथेही हेच ठिपके सापडतील. ओठावरच्या ठिपक्यांना आपण रोग म्हणत नाही, खाली दिसले की मात्र झोप उडते.

लिंगाच्या बुडाशी आणि अंडकोषाच्या पिशवीवर केसांच्या मुळाशी उंचवटे असतात, तेही स्वाभाविकच. वयात येणाऱ्या मुलाला ते पहिल्यांदा जाणवतात आणि तो गुपचूप घाबरतो. बापाने मुलाला याविषयी दोन शब्द सांगितले तर पुढचे बरेच टळेल. पण आमच्याकडे बाप मुलाशी बोलतो ते फक्त मार्कांविषयी आणि पैशांविषयी. काहींच्या पिशवीच्या कातडीत वाटाण्याएवढ्या कडक पांढऱ्या गाठी असतात. त्या वर्षानुवर्षे तशाच राहतात, नको असतील तर छोटी शस्त्रक्रिया करून काढता येतात. आणि वयस्क माणसांच्या पिशवीवर लाल-जांभळे, डाळीएवढे ठिपके उठतात. त्या फुगलेल्या रक्तवाहिन्या असतात. खाजवले तर रक्त येते आणि माणूस हादरतो, इतकेच. मात्र आत गोळीलाच गाठ लागत असेल, एक गोळी दुसरीपेक्षा मोठी व कडक झाली असेल, तर ती कातडीची गोष्ट नव्हे. तिथे थांबू नये, लगेच दाखवावे.

आता खाजेचे पाहू. रात्री अंथरुणात शिरले की खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती बारीक फोड आहेत आणि लिंगावर व पिशवीवर लालसर गाठी आहेत, तर ती बहुतेक खरूज असते. एका खोलीत सात-आठ माणसे, एकच पांघरूण, एकाच टॉवेलला सगळ्यांची तोंडे, अशा घरांत खरूज पावसासारखी पसरते. घरातल्या पोरांनाही खाज असते, पण खालच्या जागी गाठ दिसली की कर्त्या पुरुषाच्या मनात भलतेच येते आणि बायकोच्या मनात त्याहून भलते येते. एका वहिनींनी आम्हांला विचारले होते की, "ह्यांना खाली फोड आलेत, म्हणजे हे बाहेर जातात का?" घरात आणखी कुणाला खाज आहे का, असे आम्ही विचारले तेव्हा कळले की धाकटा मुलगा महिनाभर खाजवतो आहे.

खरजेचे औषध सोपे आहे, पण ते अर्धवट केले जाते म्हणून खरूज परत येते. परमेथ्रिन पाच टक्के नावाचे मलम मिळते. रात्री मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, बेंबीत आणि खालच्या जागेवरही लावायचे, आठ ते बारा तासांनी सकाळी आंघोळ करायची. एकाच रात्री घरातल्या सगळ्यांनी लावायचे. ज्याला खाज नाही त्यानेही लावायचे, कारण पहिल्यांदा खरूज झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तेवढ्यात तो दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. आठवड्याने पुन्हा एकदा लावायचे. अंगावरचे व अंथरुणाचे कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचे. धुता येत नाही ते पिशवीत गच्च बांधून आठवडाभर बाजूला ठेवायचे. तान्हे मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर डॉक्टरला आधी विचारावे. एवढे केल्यावरही पिशवीवरच्या गाठी काही आठवडे खाजत राहतात. किडा मेलेला असतो, अंग मात्र विसरलेले नसते. म्हणून रोज रोज मलम चोळत बसू नये.

जांघेतल्या नायट्याविषयी एकच सांगतो. मेडिकलवाल्याला "खाजेची ट्यूब द्या" म्हटले की पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब हातात पडते. दोन दिवस बरे वाटते, मग नायटा दुप्पट पसरतो आणि नाजूक कातडी पातळ होऊन फाटते. डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय या जागेवर कुठलीही ट्यूब लावू नये. चुना, तुरटी, धुण्याचा साबण, जंतुनाशकाचे तीव्र पाणी यांचे प्रयोगही नकोत.

इथपर्यंतच्या गोष्टींत अनोळखी शरीरसंबंधाचा काही प्रश्न नव्हता. परंतु काही फोड संबंधातूनच येतात आणि त्यांच्याविषयी गोड बोलून चालणार नाही.

लिंगावर, कातडीच्या आत किंवा गुदद्वाराजवळ खरखरीत, फुलकोबीच्या तुऱ्यासारखे मांसल कोंब आले तर ते चामखीळ आहेत. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे ते येतात. त्यातले ६ आणि ११ क्रमांकाचे प्रकार बहुतेक चामखिळींना कारण असतात. त्यांच्यापासून सहसा कर्करोग होत नाही. त्याच कुळातले १६ आणि १८ क्रमांकाचे मात्र बाईच्या गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाला मुख्यतः जबाबदार आहेत. म्हणून नवऱ्याला चामखीळ असेल तर बायकोने एकदा तपासून घ्यावे. चामखिळींवर डॉक्टर औषध लावतात, गोठवतात किंवा जाळतात. पुन्हा उगवतात, पुन्हा जावे लागते, कंटाळू नये. घरी दोरा बांधणे, ब्लेडने कापणे हे प्रकार जिवावर बेतू शकतात. आणि एक गोष्ट नवरा-बायको दोघांनीही ध्यानात घ्यावी. विषाणू अंगात शिरल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत आठवडे, महिने, कधी वर्षेही जातात. तेव्हा कुणी, कुठून आणि कधी आणले याचा हिशेब त्या कोंबावरून मांडता येत नाही, भांडण मात्र हवे तेवढे करता येते.

मुलींना या विषाणूपासून वाचवणारी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही लस २०२३ पासून मिळते आणि ती वर सांगितलेल्या चारही प्रकारांवर चालते. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलीला ती द्यावी हे उत्तम. आरोग्य केंद्रावर चौकशी करावी.

मधोमध खळगा असलेले, मेणासारखे गुळगुळीत गोल दाणे दिसले तर ते मोलस्कम असते. लहान मुलांना ते नुसत्या स्पर्शाने होते, मोठ्यांना बहुधा संबंधातून. बहुतेक वर्षभरात आपोआप जाते. पिळू नये, पिळले की पसरते. आधी चुरचुरून मग द्राक्षांच्या घोसासारखे पाण्याचे बारीक फोड येणे, ते फुटून दुखऱ्या जखमा होणे, आठ-पंधरा दिवसांत बरे होऊन काही महिन्यांनी पुन्हा त्याच जागी येणे, हे हर्पीसचे लक्षण. तो विषाणू अंगातून कायमचा जात नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहतो. फोड आलेले असताना संबंध टाळावा.

सर्वांत फसवी ती गरमी, म्हणजे उपदंश. भिंतीवरच्या तज्ज्ञांचा धंदा तिच्यावरच चालतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी एक पुटकुळी येते, तिची जखम होते. बहुधा एकच, कडेने कडक आणि मुख्य म्हणजे न दुखणारी. जांघेत अवधाण येते. दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. आणि ही जखम काहीही न करता तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येते! आता हिशेब करा. चाळीस दिवसांची पुडी का देतात ते कळेल. पुडीत राख असो की खडीसाखर, चाळीस दिवसांत जखम जाणारच, आणि नाव पुडीचे होणार. रोग मात्र रक्तात राहतो. काही आठवड्यांनी अंगावर, तळहातांवर, तळपायांवर न खाजणारे चट्टे उठतात, खालच्या जागी ओलसर चपटे उंचवटे येतात, तेही जातात. मग कित्येक वर्षे शांत. पुढे तो काळजाला, मेंदूला, डोळ्यांना धरू शकतो. त्याआधी तो बायकोकडे पोहोचतो. गर्भ पडणे, मूल मेलेले जन्माला येणे, जन्मलेले मूल रोगट असणे हे पुष्कळ घरांत बाईच्या नशिबावर ढकलले गेले आणि तिला पांढऱ्या पायाची म्हटले गेले. दोष तिच्या पायाचा नव्हता.

या रोगावर औषध जुने आणि स्वस्त आहे. सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिनची २४ लाख युनिटची एक मात्रा कमरेत सुईने देतात, रोग जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. पेनिसिलिन न सोसणाऱ्याला दुसरे औषध असते. रक्ताच्या साध्या तपासणीत रोग कळतो. गरोदर बाईची ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते, ती चुकवू नये. नवऱ्याने सुई घेतली आणि बायकोला सांगितलेच नाही, तर रोग परत त्याच्याकडे येऊ शकतो. त्यामुळे दोघांचा उपचार एकदमच झाला पाहिजे. ज्याला संबंधातून आलेली कोणतीही जखम आहे, त्याने एचआयव्हीची तपासणीही करून घ्यावी, कारण जखमेतून तो विषाणू सहज शिरतो.

पंचशीलातल्या तिसऱ्या शिलाची आम्हांला आठवण करून देणारी पत्रे येतील. ते शील आम्हीही घेतले आहे. पण शील मोडले असे ज्याला वाटते त्याने वंदनेला जरूर बसावे, आणि त्याआधी दवाखान्यात जावे. लाजेमुळे रोग लपवून तो निर्दोष बायकोला देणे हा त्याहून मोठा अपराध आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. बाहेरगावी ट्रक चालवणाऱ्या, साइटवर महिनोन् महिने राहणाऱ्या बांधवांनी निरोध वापरावा. तो सरकारी केंद्रांत फुकट मिळतो. चामखीळ आणि हर्पीस यांच्यापासून तो पुरते संरक्षण देत नाही, कारण ते निरोधाबाहेरच्या कातडीवरूनही लागतात, परंतु इतर रोगांचा धोका तो फार कमी करतो.

चाळिशीनंतर पुढची कातडी लाल होणे, तिला चिरा पडणे, पांढरा थर येणे, ती मागे न सरकणे असे वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासावी. पुष्कळांना मधुमेह असल्याचे याच चिरांमुळे पहिल्यांदा कळते. रोज आंघोळीला ती कातडी सहज जाईल तेवढी मागे सारून साध्या पाण्याने धुवावी, कोरडी करावी आणि परत पुढे आणावी. आणि उतारवयात तिथे न भरणारी जखम, वाढणारा कोंब, रक्त किंवा दुर्गंधी असेल तर तो कर्करोगही असू शकतो. लवकर गेले तर थोडक्यात निभावते.

जायचे कुठे? जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 'सुरक्षा क्लिनिक' असते. मुंबईत केईएम, सायन, नायर या रुग्णालयांत त्वचा विभाग आहेत. सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी आणि औषधे मोफत, जोडीदाराचीही. समुपदेशक एकांतात बोलतो. २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीची तपासणी तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. घरून आधी विचारायचे असेल तर १०९७ हा फुकट फोन आहे. भिंतीवरच्या जाहिरातींविषयीही सांगून ठेवतो. गुप्तरोग बरे करण्याच्या आणि मर्दानगी वाढवण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. ज्याची पाटीच कायद्याबाहेरची, त्याच्या पुडीवर विश्वास ठेवायचा का, ते ज्याने त्याने ठरवावे.

केसपेपरच्या खिडकीवर बाई बसलेली असते आणि मागे रांग असते, म्हणून कित्येक जण तिथूनच परत फिरतात. खिडकीवर फक्त "कातडीचा डॉक्टर" एवढेच म्हणावे, बाकीचे आत सांगावे. आत डॉक्टरीणबाई असल्या तरी संकोच करू नये. त्यांनी दिवसाला अशी पन्नास माणसे पाहिलेली असतात. फोड कधी दिसला, दुखतो की खाजतो, घरात आणखी कुणाला आहे का, संबंध कुणाशी आणि कधी आला, काय काय लावले, हे खरे सांगावे. लावलेल्या लेपाची डबी असेल तर ती सोबत न्यावी.

आम्हांला पत्र लिहिणाऱ्यांनी नाव घालू नये. वय, काम, लग्न झाले की नाही आणि त्रास किती दिवसांचा, एवढे पुरे. आणि कृपा करून कुणी मोबाईलवर फोटो पाठवू नयेत. गेल्या महिन्यात तीन आले. आम्ही डॉक्टर नाही, आणि कचेरीतला तो फोन सगळेच जण उचलतात.